पोट भरल्याची खूण

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर रविवारी सकाळी एका म्हाताऱ्यानं मल्हारचं कोपर मागून धरलं आणि विचारलं, "भैरू, कवा आलास?"

भैरू हे मल्हारच्या वडिलांचं नाव. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मल्हार वळला तेव्हा म्हातारा अजून हसत होता. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे तेवढे घाबरले. खुटबावचे सोपानराव होते ते, मल्हारच्या गावचे, वडिलांच्या बरोबरीचे. लेकीकडं आले होते आणि परतीच्या गाडीची वाट बघत होते. "आरं, तू मल्हार व्हय," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढलाय, पर आजून नीट दिसंना. मागनं येकदम भैरूच दिसलास बग. तीच मान, तीच खांद्याची हाडं." मल्हारनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, तब्येत विचारली, सगळं रीतसर केलं. सोपानरावांनी कोपर काही सोडलं नव्हतं. बाजारात हाताला लागलेला माल चाचपावा तसं ते दोन बोटांनी कोपराच्या वरचा दंड चाचपत होते.

"तुझी आई भाकरी सोडून बसलीया, ठावं हाय न्हवं?"

"कुणी? आमच्या आयेनं?"

"मंग काय. तुज्यापायीच की. पोरगं वाळाय लागलं म्हणून बिरोबाला बोललीया. मल्हार पयल्यासारखा भरंल तवाच भाकरीला हात लावीन म्हणती. नुसत्या चा-दुधावर हाय. लई दिस झालं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुला झालंय तरी काय? मला सांग, मी कुणाला बोलत न्हाई."

"काय न्हाई आप्पा. मुद्दाम कमी केलंय."

"मुद्दाम," सोपानराव म्हणाले. तेवढ्यात गाडी लागली आणि ते पिशवी सावरत निघाले. चढताना त्यांनी एकदा वळून पाहिलं, पण कोणाकडं पाहिलं, मल्हारकडं की भैरूकडं, हे सांगणं अवघड होतं.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या हाकेनं मल्हारला पहिल्या क्षणी आनंद झाला होता. मागून कुणी आपल्याला बारीक माणूस समजलं, हे डोक्याला कळायच्या आधी अंगाला कळलं आणि अंग सुखावलं. हाक मेलेल्या बापाची होती हे त्यानंतर कळलं. सेहेचाळीस वर्षांचा, रांजणगावच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर असलेला हा गृहस्थ मग बूट घालून, घामेजल्या टी-शर्टात, रसवंतीच्या बंद गाड्याशेजारी किती तरी वेळ नुसता उभा राहिला. रोजचा फेरा अर्धाच झाला होता. पुढं जावं तर पाय कुणाचे आहेत हे समजेना. आजवर तो चालायचा तेव्हा आपल्या पुढं एक बारीक मल्हार चालतोय आणि आपल्याला त्याला गाठायचंय असं मनाशी धरायचा. वजन उतरवायच्या ग्रुपच्या साधना मॅडमनीच तसं शिकवलं होतं, तुम्हाला जो व्हायचंय तो डोळ्यांसमोर ठेवा म्हणून. आता गाठलं तर तो वळून बघतो आणि ते आबा, त्याचे वडील, निघतात. तीच मान, तीच हाडं. मल्हार माघारी फिरला आणि घराकडं निघाला, आणि निघताना त्यानं हातातल्या घड्याळातलं पावलं मोजणं बंद केलं.

घरी हर्षदा मटकीला मोड आलेत का बघत होती. त्यानं सांगितलं तशी ती चपापली नाही, यावरून त्याला कळायचं ते कळलं. "तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "माया म्हणाली होती फोनवर," हर्षदा म्हणाली. माया म्हणजे गावाकडं आईला सांभाळणाऱ्या धाकट्या भावाची बायको. "मला वाटलं, आईंचं चार दिवसांचं असेल. आणि तुमचं इतकं छान चाललं होतं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी जाऊन ताट भरून जेवला असता तुम्ही, आणि परत सगळं पहिल्यापासून." यात खोटं काही नव्हतं, म्हणून त्याला रागही नीट धरता येईना. तो कपडे बदलायला आत गेला. आरशासमोर शर्ट घालताना त्यानं मान एका बाजूला वळवून पाहिली, दुसऱ्या बाजूला वळवून पाहिली. गळ्याशी कातडी सैल पडली होती. आधी ती तिथं मावायची. "जेवून नका येऊ वेड्यासारखं," हर्षदा बाहेरून म्हणाली, "आणि जेवलात तर निदान गोड नको." हे दोन्ही सल्ले त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतले.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं कांद्याचं रान, मग पुन्हा ऊस. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली हे तो आठवू लागला, म्हणजे दोष कुणाला द्यायचा ते ठरवता आलं असतं. कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं होतं. एका तरुण डॉक्टरनं रिपोर्टवर पेनानं दोन गोल केले, लिव्हरला चरबी, साखर उंबऱ्यावर, आणि हसून म्हणाला, "काका, उंबरा ओलांडू नका." मल्हारला त्याचा राग आला होता. त्या पोटाचा त्याला तोवर अभिमान नसेल, पण तक्रारही नव्हती. मग पॅकिंगमधल्या कुणीतरी त्याला साधना मॅडमच्या ग्रुपमध्ये घातलं. सकाळी सहा वाजता मॅडमचा संदेश यायचा, त्यात उगवता सूर्य आणि खाली वाक्य असायचं. आजचा नकार उद्याचा आकार. मन हरलं नाही तर माणूस हरत नाही. पहिले काही दिवस तो ती वाक्यं वाचून हसला; मग ती वाचल्याशिवाय उठेना. ताटाचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी अंगठे द्यायचे. कुणी घसरलं, म्हणजे लग्नात जिलेबी खाल्ली, तर त्यानं आपणहून कबूल करायचं आणि सगळ्यांनी त्याला समजून घ्यायचं. मल्हार कधी घसरला नाही. चोवीस किलो उतरले. मॅडमनी त्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावून ग्रुपवर टाकले, पहिल्यात पोट, दुसऱ्यात पट्ट्याला पाडलेलं नवं भोक, आणि खाली लिहिलं, हे जमलं तर तुम्हालाही जमेल. त्या रात्री तो पहिल्या फोटोतल्या माणसाकडं बराच वेळ बघत बसला होता. तो माणूस त्याच्या मेहुणीच्या लग्नात उभा होता, हातात आइस्क्रीमची वाटी होती आणि तो अगदी मजेत दिसत होता.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ग्रुपवर तर नाहीच. तिथं एनर्जी वाढली, झोप सुधारली, गुडघे दुखायचे बंद झाले असं सांगायचं असतं, आणि ते सगळं झालंही होतं; मल्हार जिना चढताना आता कठडा धरत नव्हता. पण बारीक होताना आपलं काहीतरी हरवतंय आणि ते काय हे कळत नाही, याला अंगठा द्यायचा की रडका चेहरा. कारखान्याच्या कँटीनमध्ये लोक त्याच्या डब्यात डोकावायचे. "सर, काकडी का? अरे सर को देखो, हीरो बन गए," बिहारचा एक ऑपरेटर म्हणायचा आणि स्वतःचा समोसा चटणीत बुडवायचा. मल्हार हसायचा. त्याला भूक लागलेली असायची की नाही हे त्याला खरोखर सांगता आलं नसतं. भुकेची वेळ ठरलेली होती, खाण्याचं माप ठरलेलं होतं, फोनमध्ये सगळं लिहिलेलं होतं, आणि फोन म्हणाला आता पुरे की पुरे. पूर्वी बायको म्हणायची अजून घ्या तोवर खायचं. त्याच्या आधी आई म्हणायची. मध्ये आपण स्वतः कधी काही ठरवलं होतं का, हे त्यानं पारगावच्या पुलावर गाडी आली तेव्हा आठवून पाहिलं आणि खाली भीमेचं पाणी दिसलं तसं ते राहून गेलं.

आबा चालायचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस लागायच्या आधी माघारी यायचे. आई मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून. मल्हारला शाळेसाठी आत्याकडं ठेवलेलं, पण सुट्टीत तोही मागं जायचा. चालण्याला तेव्हा कारण लागत नव्हतं, कारण पुढं होतं आणि त्याला शेपट्या होत्या. मेंढरांची पोटं भरली की थांबायचं. आता मल्हार बायपासच्या कडेनं जातो आणि ठरल्या जागेवरून वळतो. जिममध्ये जातो तेव्हा तर वळायचंही नसतं, खालचा पट्टाच पळत असतो. आबांना ते यंत्र दाखवलं असतं तर ते त्याच्याभोवती एक फेरी मारून बिडी पेटवायला बाहेर गेले असते. पुढं कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानं उसाखाली गेली, आबांनी मेंढरं विकली आणि चार एकरांचे शेतकरी झाले. चालणं थांबलं. माणसं म्हणाली, आता भैरू सुखाला लागला, भरंल. आबा भरले नाहीत, उलट वाळत गेले. "कसं काय वाटतंय आबा?" विचारलं तर म्हणायचे, "हलकं वाटतंय." सगळ्यांनी ठरवलं की मेंढरांचा घोर घेतलाय, केडगावच्या डॉक्टरनं सलाइन लावलं, आईनं गूळ-तुपाचे लाडू केले, आणि एका चैत्रात ते गेले. घोर होता की रोग होता हे कुणी तपासलं नाही. मल्हारनं गेल्या दिवाळीला गावी गेल्यावर आईपुढं उभं राहून, दोन्ही हात पसरून, मोठ्या आनंदानं सांगितलं होतं, "आये, येकदम हलकं वाटतंय बग." आई उठून आत गेली होती. त्याला वाटलं होतं, चहा ठेवायला गेली.

चौफुल्याला उतरून जीपनं खुटबाव गाठेपर्यंत ऊन वर आलं. भावाचं घर वस्तीवर, रस्त्यापासून आत. भाऊ कांद्याच्या गाडीबरोबर मार्केटला गेला होता. अंगणात बाजेवर आई बसली होती, आणि तिला पाहून मल्हार अंगणाच्या कडेलाच थांबला. भामाबाई कधी जाड नव्हतीच, पण चालती-बोलती, कामाला वाघ अशी बाई. आता बांगड्या कोपराकडं घसरत होत्या. तिनं त्याला येताना पाहिलं आणि चेहऱ्यावर काही न आणता हाक मारली, "हिकडं ये. पाठ कर." तो पाठ करून बाजेवर बसला. एवढा मोठा सुपरवायझर पण बसला. तिनं शर्टावरून त्याच्या कमरेच्या वर तळहात ठेवला आणि बोटं दोन्ही बाजूंनी दाबली. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. कळपातलं मेंढरू बरं आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, लोकरीत सगळं झाकतं. कमरेवर हात ठेवून दाबायचं, कणा बोचला तर मेंढरू आजारी. मग त्याला वेगळं काढायचं, हळद-तेल पाजायचं, कोवळा पाला घालायचा. आबांनी त्याचा हात धरून त्याला हे शिकवलं होतं. बोटं दाबली गेली, थांबली, पुन्हा दाबली गेली.

"लागतंय हाताला," आई म्हणाली.

"आये, मेंढरू न्हाई मी."

"मेंढरू आपणहून वाळत न्हाई. माणूस तरी कशापायी वाळंल?"

मल्हारनं फोन काढला. गेल्या महिन्यातला रिपोर्ट त्यात होता, साखर उंबऱ्याच्या आत, लिव्हर ठीक, सगळं हिरव्या अक्षरांत. तो तिला एकेक ओळ वाचून दाखवू लागला. तिनं मन लावून ऐकलं, मधून मधून मानही हलवली. शेवटी म्हणाली, "कागूद चांगला हाय रं. कागदाला काय झालेलं न्हाई." आणि त्याच्या गालाकडं बघत राहिली. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी रडू येईल असंही वाटलं, आणि दोन्हींतलं एकही धड बाहेर येईना.

तिला काय दिसत होतं ते त्याला त्या बाजेवर बसल्या-बसल्या कळलं, पण कळून उपयोग नव्हता. कारखान्यात लागल्यावर तो पहिल्यांदा पोट घेऊन गावी आला होता तेव्हा हिनं दारातच त्याची दृष्ट काढली होती. मीठ-मोहऱ्या तडतडल्या तशी गल्लीला हाका मारून सांगितलं, बघा किती लागली. लग्नकार्यात त्याला पुढं बसवायची. "आमचा मल्हार, शिरूरचा," असं म्हणून त्याच्या पाठीवर थापटी मारायची आणि त्या थापटीचा आवाज भरीव यायचा. घाटातल्या पावसात, दुसऱ्यांच्या बांधांवर, पोरांना अर्धी अर्धी भाकरी वाटत जे आयुष्य गेलं त्याचा जो काही मोबदला तिला मिळाला तो त्या पोटात होता. सगळ्यांना दिसेल असा, शर्टाची बटणं ताणणारा. आणि ते त्यानं सकाळी बूट घालून, तिला न विचारता, बायपासवर सांडून टाकलं. पण ठेवायचं म्हटलं असतं तर डॉक्टरचे ते दोन गोल होते. हे दोन्ही खरं होतं. एका अंगात दोन्ही कसं मावावं, हे ना साधना मॅडमच्या संदेशात होतं ना बिरोबाच्या देवळात.

"बिरोबाला किती बोललीस?" त्यानं विचारलं. "म्हंजी किती भरायचं मी? काय वजन सांगितलं असंल त्याला."

"वजन कशाला? मी हात लावून बघनार."

"आगं, त्याला वरीस जाईल. तवर तू राहशील का चा पिऊन?"

"न्हाई ऱ्हायले तर न्हाई," आई म्हणाली, जणू शेजारणीच्या बाजारहाटाचं बोलत होती. "नवऱ्याला वाळताना बघितलं. लाडू घालत बसले, बाकी काय केलं न्हाई. आता नुसतं बघत न्हाई बसायची."

माया सैपाकघरातून सगळं ऐकत होती. पंधरा वर्षांपूर्वी या घरात आलेली, बोलायला कमी. तिनं हाक दिली, "भाऊजी, वाढलंय." मल्हार आत गेला. आई त्याच्या मागून येऊन भिंतीला टेकून बसली, दुधाचा पेला घेऊन. ताटात बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, ठेचा, कांदा फोडून. त्यानं नेहमीसारखी एक भाकरी खाल्ली आणि हात थांबवला. आईनं त्याच्या ताटाकडं पाहिलं. पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला. दुधाची पातळी तेवढीच होती. त्यानं दुसरी घेतली. ती कालवणात कुस्करून खाल्ली, आबा खायचे तशी. चव लागली, इतकी लागली की त्याला घाबरायला झालं. मग तिसरी. ही त्यानं आईसाठी खाल्ली की स्वतःसाठी, हे त्याला घासागणिक कळेनासं झालं. एक घास वाटायचा, हा तिच्या जिवासाठी. पुढचा घास वाटायचा, लबाडा, तुला हवाच होता. फोन खिशात थरथरला, ग्रुपवर रविवारच्या ताटांचे फोटो यायला लागले असणार. त्यानं फोन काढला नाही. पोट ताणल्यासारखं वाटत होतं, पण ती चोवीस किलोंची रिकामी जागा की भरलेली जागा हे ओळखता येत नव्हतं. मायानं चौथी पुढं केली तेव्हा त्याचा हात ना पुढं गेला ना मागं आला.

"आये," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं की हे विचारायला एवढी वर्षं गेली, "पोट भरलं हे कळतं कसं गं?"

त्याला वाटलं ती हसेल. घोडा झाला तरी अक्कल नाही असं काहीतरी म्हणेल, आणि वातावरण सैल होईल. भामाबाई हसली नाही. तिनं प्रश्न नीट ऐकला आणि त्यावर विचार केला, रिपोर्ट ऐकताना केला होता त्याहून जास्त.

"मला काय इचारतूस?" ती म्हणाली. "मला कवा कळलंय. तुमची ताटं झाली का माझं झालेलंच आसायचं. ऱ्हायलं तर ऱ्हायलं, न्हाई तर वरनं पानी. तुझा बा बी म्हनायचा, तू जेवलीस का? मी म्हनायची, व्हय. आता ते खरं म्हनायची का खोटं, माझं मलाच ठावं न्हाई."

ती हे कुणाबद्दल तक्रार म्हणून बोलली नव्हती. पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. पण माया हातातली भाकरी तशीच धरून सासूकडं बघायला लागली. मल्हारनं आईकडं पाहिलं आणि त्याला तिचा भयंकर राग आला, आणि राग आला तसा तिच्यावरचा जीवही एवढा उफाळून आला की त्याला ताटावर बसवेना. या बाईनं भाकरी सोडली असं सगळं गाव म्हणत होतं. सोडायला तिनं ती कधी धरली होती? भांड्यात उरलेल्यावर जी जगली तिनं देवाला काय दिलं तर भाकरी दिली, आणि देवानंही घेतली. आणि आपण, जे ग्रुपवर ताटाचे फोटो टाकून रोज सांगत होतो की आज मी इतकंच खाल्लं, इतकं सोडलं, ते कुणाच्या घरातून आलो होतो.

त्यानं आपलं ताट बाजूला सारलं, मायाच्या हातातली चौथी भाकरी घेतली आणि दुसऱ्या ताटात ठेवून आईपुढं सरकवली.

"जेव."

"येडा का काय. बोललेय मी देवाला."

"मंग मी बी बोलतो. आत्ता, हितंच. तू पोटभर जेवंस्तवर मी आन्नाला शिवणार न्हाई."

"आत्ताच तर तीन हाणल्यास की."

"आत्ताच्या झाल्या. रातच्याला न्हाई. उद्या न्हाई. परवा न्हाई. वाळून काटकी होईन. मंग लाव हात पाठीला."

भामाबाईचं तोंड उघडं राहिलं. एवढ्या दिवसांत तिला कुणी समजावलं नव्हतं असं नाही; धाकट्या लेकानं हात जोडले होते, पुजाऱ्यानं सांगून पाहिलं होतं. पण तिच्याच तराजूत तिलाच कुणी बसवलं नव्हतं. ती मल्हारच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तिथं तिला जे काही दिसलं असेल, बाप किंवा लेक, ते तिच्यासारखंच हट्टी होतं. "देव काय म्हनंल?" ती म्हणाली. "देवाला मी सांगतो," मल्हार म्हणाला, "शिरूरचा हाय म्हणून सांगतो, म्हंजी ऐकंल." माया तोंडाला पदर लावून हसली. आई हसली नाही. तिनं भाकरीचा कोपरा मोडला, कालवणाला लावला, कपाळापाशी नेऊन पुटपुटली आणि तोंडात घातला. हळूहळू चावला. खूप दिवसांनी चावत होती, जबडा तिला आठवून आठवून हलवावा लागत होता. मल्हार बघत होता. त्याला काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. उद्या सकाळी बूट घालायचे की नाही, हे आताही त्याला ठाऊक नव्हतं. घालायचे तर कुणासाठी, पोटाला किती द्यायचं, तिच्या हाताला काय लागू द्यायचं आणि डॉक्टरला काय दाखवायचं, सगळं सकाळी होतं तितकंच गुंतलेलं होतं. फक्त आता त्या गुंत्यात तो एकटा नव्हता.

अर्धी भाकरी झाली आणि तिनं सवयीनं हात झटकला. "झालं."

"भरलं?"

ती परत म्हणणार होती, व्हय. ओठांवर आलंच होतं. मग थांबली. बोटं तशीच ताटावर धरून, डोळे बारीक करून, अनोळखी गावात कुणी रस्ता विचारावा आणि सांगता येऊ नये तशी ती आपल्या आत कुठंतरी बघत राहिली. "कळंना रं," ती शेवटी म्हणाली. आवाजात थोडी लाज होती.

"मंग खा. मला बी न्हाई कळत. बसलोय मी."

ती खात राहिली. उरलेली अर्धी संपली, तिनं ताटाला लागलेलं कालवण बोटानं पुसून घेतलं, आणि ताट रिकामं झालं तरी उठली नाही.  भामाबाईनं एकदा मल्हारच्या ताटाकडं पाहिलं, एकदा चुलीकडं. चुलीशेजारी कापडात झाकलेली एकच भाकरी उरली होती, आणि ती मार्केटला गेलेल्या भावासाठी ठेवलेली आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"माया," ती म्हणाली, "आजून एक टाक गं मला."

मायानं पीठ ओढलं. पंधरा वर्षांत सासूनं तिच्याकडं मागून घेतलेली ही पहिली भाकरी होती, आणि ती थापताना तिचा हात दोनदा चुकला.